मदत हवी आहे: कमी विद्युतचुंबकीय क्षेत्र असलेली घरगुती उपकरणे कोणती घ्यावीत?

गंगाकाठ
नमस्कार. तीन आठवड्यांनी आम्ही नाशिकमध्येच नव्या घरात राहायला जात आहोत आणि त्याआधी फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन पंखे, शेगडी आणि मिक्सर अशी सगळी खरेदी उरकायची आहे. माझ्या पत्नीला विद्युतचुंबकीय क्षेत्राचा त्रास होतो, त्यामुळे ज्यांचे क्षेत्र कमीत कमी असेल अशाच वस्तू घ्यायच्या आहेत. आतापर्यंत तीन दुकाने पालथी घातली, पण मी काय विचारतो आहे हेच कोणाला कळत नाही. एका विक्रेत्याने पाच ताऱ्यांचे लेबल दाखवून हा फ्रिज सर्वांत सुरक्षित असल्याचे सांगितले. कृपया कंपनी आणि मॉडेल यांची नेमकी नावे सुचवावीत. हा त्रास खरा की मानसिक, या चर्चेसाठी मी धागा काढलेला नाही.

तारतंत्री
ते पाच तारे फक्त विजेच्या बचतीचे असतात. क्षेत्राशी त्यांचा काहीही संबंध नाही. आयएसआय चिन्हाचा अर्थही शॉक, आग आणि उष्णता यांपासूनच्या सुरक्षिततेपुरता घ्यावा. घरगुती उपकरणांचे क्षेत्र कसे मोजावे याचे आंतरराष्ट्रीय मानक (आयईसी ६२२३३) आहे, परंतु त्यानुसार मिळालेला आकडा खोक्यावर छापलेला मी बावीस वर्षांच्या वायरिंगच्या कामात एकदाही पाहिलेला नाही. म्हणून मॉडेलचे नाव कोणी सांगितले, तरी ते कशाच्या आधारावर सांगितले हे आधी विचारा.

आता मला काही गोष्टी सांगा. त्रास म्हणजे नेमके काय होते, कोणत्या खोलीत आणि कोणत्या वेळी? मीटर बोर्ड कुठे आहे? अर्थिंग तपासले आहे का? घरात इन्व्हर्टर आहे का?

सांगलीची_सून
दादा, आमच्या जाऊबाईंना असाच त्रास होता. आम्ही इंडक्शनची शेगडी काढून टाकली, मायक्रोवेव्ह देऊन टाकला आणि वाटणासाठी पुन्हा पाटा-वरवंटा घेतला. सहा महिन्यांत त्यांना पुष्कळ बरे वाटले. वहिनींना स्वयंपाकघरात उभे राहणे नकोसे होत असेल, तर आधी इंडक्शन बंद करा.

आरोग्यवाट
उपकरणे बदलण्याची गरजच नाही. किरणोत्सर्ग शोषून घेणारी चिप मिळते, ती फ्रिजवर, राउटरवर आणि मोबाइलच्या मागे चिकटवावी. आमच्या घरी चार वर्षे वापरात आहे आणि सर्वांना शांत झोप लागते.

फळा_आणि_खडू
आरोग्यवाट, हा सल्ला मनापासून दिलेला असला तरी त्रासात असलेल्या माणसाचे पैसे आणि वेळ त्यात वाया जातील, म्हणून स्पष्ट लिहितो. फ्रिजच्या मोटरभोवतीचे ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तळहाताएवढ्या स्टिकरने शोषले जाऊ शकत नाही, कारण ते त्या स्टिकरच्या चहूबाजूंनी पसरलेले असते. मोबाइलचा सिग्नल एखाद्या चिपने खरोखरच अडवला, तर टॉवरशी संपर्क टिकवण्यासाठी फोन आपली शक्ती उलट वाढवतो. २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाने शेणापासून केलेल्या चिपबद्दल असाच दावा केला होता, तेव्हा देशातील शेकडो शास्त्रज्ञांनी प्रयोगाचा पुरावा मागितला होता.

धागाकर्त्यांसाठी उपयोगी आकडे देतो. जागतिक आरोग्य संघटना जो तक्ता देते तो जर्मनीच्या किरणोत्सर्ग सुरक्षा कार्यालयाच्या १९९९ च्या मोजमापांवर आधारलेला आहे. ३० सेंटिमीटर अंतरावर फ्रिजचे क्षेत्र ०.०१ ते ०.२५ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक), वॉशिंग मशीनचे ०.१५ ते ३ आणि मायक्रोवेव्हचे ४ ते ८ भरते; तोच मायक्रोवेव्ह एक मीटरवर ०.२५ ते ०.६ पर्यंत उतरतो. केस वाळवण्याच्या यंत्राचे ३ सेंटिमीटरवर ६ ते २००० आणि ३० सेंटिमीटरवर ०.०१ ते ७. एकाच प्रकारच्या दोन यंत्रांत मोठा फरक पडू शकतो, हे खरेच. पण हातभर मागे सरकल्याने पडणारा फरक त्याहून मोठा असतो. म्हणून कोणता फ्रिज घ्यावा यापेक्षा तो कोणत्या भिंतीला लावावा आणि त्या भिंतीपलीकडे कोण झोपते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

गंगाकाठ
सर्वांचे आभार, परंतु मी मॉडेलची नावे मागितली होती आणि अजून एकही मिळालेले नाही. विचारलेच आहे तर सांगतो: पत्नीला रात्री डोके जड होते, कानात गुणगुण ऐकू येते आणि पहाटे तीनच्या सुमारास जाग आली की पुन्हा झोप लागत नाही. सध्याच्या भाड्याच्या घरात आल्यापासून, म्हणजे आठ महिने, हे चालू आहे. वायफाय रात्री बंदच असते. इंडक्शन आमच्याकडे कधीच नव्हते. मोबाइलवर मोजमापाचे ॲप घेतले आहे. ते घरात सगळीकडे ४० ते ४३ मायक्रोटेस्ला दाखवते, म्हणजे तुमच्या तक्त्याच्या कितीतरी पट अधिक. म्हणूनच घाई आहे.

फळा_आणि_खडू
तो आकडा पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकीय क्षेत्राचा आहे, त्यामुळे वहिनींना कृपया तो दाखवून घाबरवू नका. आपल्याकडे ते सुमारे ४० मायक्रोटेस्लाच असते आणि मोकळ्या मैदानातही तुमचे ॲप तेवढेच दाखवेल. फोनमधला संवेदक होकायंत्रासाठी बसवलेला असतो. विजेच्या तारांतले, सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होणारे क्षेत्र त्याला नीट पकडता येत नाही. त्यासाठी गॉसमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारे यंत्र, लागतो. त्यावर मिलिगॉस लिहिलेले असेल तर १० मिलिगॉस म्हणजे १ मायक्रोटेस्ला हे ध्यानात ठेवा.

तारतंत्री
इन्व्हर्टरचे उत्तर राहिले.

गंगाकाठ
इन्व्हर्टर अर्थातच आहे, आमच्या भागात वीज जाते. तो पॅसेजमध्ये, शयनगृहाच्या भिंतीला लागून ठेवलेला आहे. तो नवीन घ्यायचा नसल्यामुळे यादीत लिहिला नाही.

तारतंत्री
आणि पलंगाचे डोके त्याच भिंतीकडे आहे का? इन्व्हर्टरमध्ये जड ट्रान्सफॉर्मर असतो आणि बॅटरी चार्ज होत असताना तो घरातल्या बहुतेक उपकरणांपेक्षा मोठे क्षेत्र निर्माण करतो. विटांची भिंत त्याला अडवत नाही. शिवाय त्याची गुणगुण रात्रीच्या शांततेत कानाला स्पष्ट ऐकू येते, म्हणजे झोपमोडीसाठी क्षेत्राकडे बोट दाखवण्याचीही गरज न पडण्याची शक्यता आहे. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला तो न्या, आणि त्याआधी व नंतर उशीपाशी मोजा.

रात्रपाळी_वैद्य
धागाकर्त्यांची सूचना वाचूनही लिहितो, कारण न लिहिणे मला योग्य वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच म्हटले आहे की अशा रुग्णांची लक्षणे खरी असतात आणि काहींना ती अत्यंत त्रासदायक होतात, परंतु ती विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळेच होतात असे दाखवणारा शास्त्रीय आधार नाही. क्षेत्र चालू आहे की बंद हे रुग्ण आणि परीक्षक दोघांनाही माहीत नसते अशा ४६ प्रयोगांचा आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील १,१७५ सहभागींच्या बाबतीत क्षेत्र आणि त्रास यांचा खात्रीलायक संबंध आढळला नाही. याचा अर्थ वहिनी कल्पना करत आहेत असा मुळीच नाही. कारण दुसरीकडेही शोधले पाहिजे, एवढाच आहे. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि कानांची तपासणी झाली आहे का? त्या घरात गॅसवर चालणारा गिझर आहे का? हवा खेळती नसेल तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, डोके जड होणे हे त्याचे पहिले लक्षण असते आणि तो जीवघेणा ठरतो.

गंगाकाठ
मी नको म्हटलेली चर्चा शेवटी आलीच. दोन डॉक्टरांनी तिला न तपासताच ताण आहे असे सांगून परत पाठवले, त्यानंतर तिने बोलणेच सोडले, म्हणून ती ओळ लिहिली होती. गिझर गॅसचाच आहे, पण तो बाल्कनीत उघड्यावर बसवलेला आहे. रक्ताच्या तपासण्या झालेल्या नाहीत.

गोथेनबर्गहून
मी स्वीडनमध्ये राहते, म्हणून येथील स्थिती सांगते. येथे अशा त्रासाकडे अपंगत्वाच्या अंगाने पाहिले जाते आणि रुग्णांच्या संघटनेला सरकारी अनुदान मिळते. मात्र वैद्यकीय निदान म्हणून त्याला येथेही मान्यता नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, त्यामुळे डॉक्टरांशी भांडू नका आणि वहिनींवर अविश्वासही नको.

मॉडेलच्या नावाऐवजी खरोखर तपासलेले चिन्ह हवे असेल, तर ते मला एकाच वस्तूसाठी ठाऊक आहे. संगणकाच्या पडद्यांसाठी १९९० मध्ये येथे एमपीआर-२ मर्यादा आल्या (५० सेंटिमीटरवर ०.२५ मायक्रोटेस्ला) आणि त्यानंतर १९९२ मध्ये त्याहून कडक टीसीओ मानक आले. मॉनिटर घेणार असाल तर टीसीओ चिन्ह पाहा.

रात्रपाळी_वैद्य
न तपासता परत पाठवणे चुकीचेच होते. तुमची ती ओळ मी उद्धटपणा समजलो, त्याबद्दल क्षमस्व. बाल्कनीला काचा लावून बंद केलेली असेल तर मात्र गिझर उघड्यावर आहे असे मानू नका.

तारतंत्री
खरेदीचे म्हणाल, तर माझे मत असे आहे. वायफाय असलेला फ्रिज किंवा वॉशिंग मशीन घेऊ नका. साधे बटणांचे घ्या, स्वस्तही पडते. शेगडी गॅसचीच ठेवा, कारण इंडक्शनचे क्षेत्र २० किलोहर्ट्झच्या वरचे असते, स्वयंपाक करणारी व्यक्ती त्याला अगदी खेटून उभी असते आणि भांडे लहान असेल तर क्षेत्र आणखी बाहेर पसरते. छताचा पंखा डोक्यापासून दोन मीटरवर असतो, त्यावर जादा पैसे घालवू नका. मिक्सर मिनिटभर चालतो, हात लांब ठेवला तरी पुरे.

याहून महत्त्वाचे काम नव्या घराच्या वायरिंगचे आहे. तीन पिनांच्या प्रत्येक सॉकेटचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर तेही पाहा. न्यूट्रलवर असेल तर दिवा बंद असतानाही तारेत विजेचा दाब (व्होल्टेज) राहतो आणि तिच्याभोवती विद्युत क्षेत्र टिकते. मग बोर्डापाशी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकत्र क्लॅम्प मीटरमध्ये (तारेभोवती पकडून प्रवाह मोजणाऱ्या यंत्रात) धराव्यात. वाचन शून्य आले पाहिजे. आले नाही तर प्रवाह भलत्याच वाटेने परत जातो आहे, आणि अशा घरात कितीही निवडून उपकरणे आणली तरी खोलीभर क्षेत्र राहते.

गंगाकाठ
चार दिवसांनी लिहितो आहे. मित्राच्या महाविद्यालयातून गॉसमीटर मिळाला. पलंगाचे डोके त्याच भिंतीकडे होते. बॅटरी चार्ज होत असताना उशीपाशी १.४ मायक्रोटेस्ला आले, आणि इन्व्हर्टर पॅसेजच्या टोकाला नेल्यावर ०.०६. दोन रात्री ती सलग झोपली, तिसऱ्या रात्री पुन्हा जाग आली. कानातली गुणगुण मात्र थांबली आहे. बाल्कनीला घरमालकाने काचा लावलेल्या आहेत, हे मी आज प्रथमच नीट पाहिले; त्या काढेपर्यंत गिझर बंद ठेवला आहे आणि रक्त तपासणीसाठी सोमवारची वेळ घेतली आहे.

वायरमन शनिवारी नव्या घरी येणार आहे. तेथे मुख्य शयनगृहाच्या भिंतीपलीकडे इमारतीची मीटर रूम आहे, हे आधी लिहायला हवे होते. पलंग त्या भिंतीपासून किती अंतरावर ठेवावा?

तारतंत्री
अंतर आकड्यात आत्ताच सांगता येणार नाही. इमारतीत लोक राहायला आलेले असतील तर संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, सर्वांचे दिवे आणि एसी चालू असताना, त्या भिंतीपासून दर फुटावर मोजा आणि ते आकडे येथे लिहा. दुसरी खोली मोकळी असेल तर तिथलेही द्या.