‘थेट बागेतून’ आंबा वाशीच्या घाऊक बाजारापेक्षा महाग का? (कालच्या पोस्टला उत्तर)

कलमी_बोरिवलीकर:
काल इथे एकाने लिहिलं, ‘थेट बागेतून म्हणवणारे दलालाचा नफा स्वतःच्या खिशात घालतात. मधला माणूस गेला तर पेटी स्वस्त व्हायला नको?’ चार ओळी लिहायला बसलो, आवरेना, म्हणून वेगळा धागा.

आमची राजापूर तालुक्यात हापूसची 110 कलमं. बाबा तिकडे, मी इकडे. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला 40 पेट्या येतात. मधला माणूस गेला, कबूल. त्याचं काम कुठे गेलं? माझ्या डोक्यावर! पहाटे साडेचारला टेम्पो हायवेवर नॅशनल पार्कसमोर थांबतो, आत यायला ड्रायव्हर तयार नसतो. तिथून रिक्षाने चार-चार पेट्या. सोसायटीत वॉचमन म्हणतो मागच्या लिफ्टने जा, आणि मागची लिफ्ट बंद. मग जुलै उजाडला तरी गिऱ्हाइकाचं ‘अरे, पैसे पाठवायचे राहिलेच की!’

आणि खरी गोम वेगळीच. दलाल सगळा माल उचलतो, मोठा, बारीक, डागी, सगळा. तुम्ही फक्त एक नंबर उचलता. उरलेला माझ्याकडेच राहतो आणि शेवटी कॅनिंगवाल्याकडे किलोवर जातो. तुडतुडे, फुलकिडे यांच्या फवारण्या मात्र सगळ्याच फळांवर झालेल्या असतात. वानरं राखायला ठेवलेली नेपाळी माणसंही एक नंबरपुरता पगार घेत नाहीत.

गाळा_वाशी:
माझ्या मामांचा वाशीला गाळा आहे, त्यामुळे मी पक्षपाती, आधीच सांगतो. दलालाला शिव्या घालणं सोपं आहे. पावसाळा संपला की फवारणीला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोण देतं? सोसायटीतल्या काकू? आणि 2016 पासून फळांची अडत, म्हणजे दलालाचं कमिशन, शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची, असा नियम आहे. जुन्या तक्रारी किती दिवस उगाळणार?

कलमी_बोरिवलीकर:
उचल मिळते, पण तिच्या बदल्यात सगळा माल बांधलेला. आणि भाव? रुमालाखाली बोटं दाबून, दलाल आणि खरेदीदारालाच कळेल असा. तुम्ही लहानपणी गंमत म्हणून पाहिलं असेल, आमच्या बाबांना ती गंमत पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, हातात आल्यावर कळायची. 2017 ला 62 पेट्यांची पट्टी आली, त्यात 9 पेट्या ‘डागी’. त्या पेट्या बाबांनी आणि मी कंदिलाच्या उजेडात भरल्या होत्या, पेंढ्याचा थर देऊन, एकेक देठ बघून.

पार्लेकर_काकू:
तुमचं दोघांचं चालू द्या, पण साक्याचं कोण बोलणार? मागच्या अक्षय्य तृतीयेला मी अशाच एका ‘बागेतून थेट’वाल्याकडून 5 डझन घेतले. घरी जावईबापू आले. बाहेरून सोन्यासारखा आंबा, चिरला तर आत पांढरा, स्पंजासारखा. एकामागून एक 14 निघाले! आमरसाच्या पातेल्यात चमचा बुडेना. माझा दादरचा नेहमीचा फळवाला निमूट बदलून देतो. हा म्हणे, ‘काकू, इथे रेंज नाही.’ पैसे मागताना बरी रेंज होती.

देवगडची_लेक:
काकू, साका बाहेरून दिसत नाही, आम्हालाही नाही. फळ झाडावर जितकं जास्त ठेवाल तितका साका वाढतो. काढून तापल्या कातळावर ठेवलं की आणखीच. म्हणून उन्हं चढायच्या आत काढायचं, सावलीत ठेवायचं आणि मिठाच्या पाण्यात बुडणारी फळं बाजूला काढायची. पण गिऱ्हाइकाला हवा ‘झाडावरच पिकलेला’! मग साका खा.

पार्लेकर_काकू:
वा, म्हणजे दोष माझाच.

कोरडवाहू:
हापूसचा हट्ट सोडा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1981 सालीच रत्ना आणलाय, नीलम आणि हापूसचा संकर. साका नाही, फळ मोठं.

देवगडची_लेक:
रत्नाची चव हापूससारखी वाटते? मग आधी जीभ डॉक्टरला दाखवा.

कोरडवाहू:
ही मस्ती! आमच्याकडे डाळिंब तडकलं की फुकट जातं, तुमचा फसलेला आंबाही ‘कोकणचा राजा’. ‘हापूस’ हे नाव कुठल्या भागाचं ते ठरवणाऱ्या मानांकनाची टिमकीही तीच.

देवगडची_लेक:
टिमकी? 2018 च्या भौगोलिक मानांकनात पाच जिल्हे आहेत, ठाणे-पालघरसुद्धा. नाव सगळ्यांत वाटलं गेलं म्हणून आम्हीच रडतोय आणि तुम्ही डाळिंब घेऊन आलात. आधी कर्नाटकचा आंबा आमच्या नावाच्या पेटीत भरून विकतात ते थांबवा.

गाळा_वाशी:
हे मात्र होतं, आमच्या बाजारातही होतं. लिहिताना बोटं अडखळली, पण होतं.

कालचा_पोस्टवाला:
भाव विचारला, तर साका, रत्ना, कर्नाटक, सगळं दाखवलंत. माझी तक्रार तिथेच आहे. बरं, फुटकळ विक्रीला खर्च आहे, उरलेला माल तुमच्याच गळ्यात पडतो, हे मला माहीत नव्हतं. मान्य, मोठ्या मनाने मान्य. पण मग फ्लेक्सवर ‘दलाल नाही म्हणून स्वस्त’ का लिहिता? माझ्या गेटवरच लागलाय असा.

कलमी_बोरिवलीकर:
माझा फ्लेक्सच नाही.

कालचा_पोस्टवाला:
खाली नंबर आहे, शेवटी 47. तुमच्या मागच्या धाग्यातही हाच होता.

कलमी_बोरिवलीकर:
धाकट्या भावाचा प्रताप. संध्याकाळी काढायला लावतो. पेटीचा भाव तोच राहील, आधीच सांगतो.

कालचा_पोस्टवाला:
बघू. एक पाठवा. चार डझनाची, पाच म्हणून चार भरलेली नको.

पार्लेकर_काकू:
आणि माझ्या 14 आंब्यांचं?

कलमी_बोरिवलीकर:
काकू, ते माझे नव्हते हो!

पार्लेकर_काकू:
तोही हेच म्हणाला होता.