मदत हवी आहे : गरोदरपणात लोहाच्या गोळ्यांऐवजी लॅक्टोफेरिन
माझी धाकटी बहीण पाच महिन्यांची गरोदर असून लोहाच्या कमतरतेमुळे तिला सौम्य रक्तक्षय झाला आहे, परंतु फेरस सल्फेटच्या गोळ्यांनी तिला तीव्र बद्धकोष्ठता आणि मळमळ होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी जेवणानंतर घेणे, दिवसाआड घेणे आणि लोहाचा प्रकार बदलणे हे सर्व करून झाले आहे. थॅलेसेमियाची तपासणी निर्दोष आहे, तसेच दुधातील प्रथिनांची ॲलर्जीही नाही.

इटलीतील अभ्यासांत गर्भवतींना गाईच्या दुधातील लॅक्टोफेरिन (लोहाला बांधून ठेवणारे प्रथिन) १०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा दिले असता हिमोग्लोबिन फेरस सल्फेटच्या तोडीने वाढले आणि पोटाच्या तक्रारी कमी राहिल्या, असे वाचले. एवढ्या मात्रेतून प्रत्यक्ष लोह एक मिलीग्रॅमही मिळत नाही. म्हणजे हे प्रथिन शरीरातील लोहाच्या नियमनावर परिणाम करत असावे. मला खरी शंका इथेच आहे, कारण साठाच रिकामा असेल तर नुसत्या नियमनाने काय साधणार? डॉक्टरांची हरकत नाही, मात्र त्यांना याचा अनुभव नाही. शिरेतून लोह देणे तूर्त टाळायचे आहे.

येथील स्त्रीरोगतज्ज्ञांनी किंवा आहारतज्ज्ञांनी फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) कमी असलेल्या गर्भवतीला केवळ लॅक्टोफेरिन दिले आहे का, की सोबत अल्प मात्रेत लोह द्यावेच लागते, आणि परिणाम पाहण्यासाठी हिमोग्लोबिन व फेरिटिनची तपासणी किती आठवड्यांनी पुन्हा करावी?