विदर्भावरील दीर्घ लेखाविषयी

अ–२०३ : सर्वांना नमस्कार. विदर्भ राज्याच्या मागणीवरील जो दीर्घ लेख काल आपल्या सोसायटीच्या या गटावर आला, तो मी पूर्ण वाचला. तो फार लांबला, ही काकूंची तक्रार मला मान्य नाही. इतका जुना प्रश्न दोन परिच्छेदांत उरकला, तर हाती केवळ घोषणाच राहतील. माझी हरकत आहे ती जागा कशावर खर्च झाली याला. नागपुरातला झिरो माइलचा स्तंभ, विधिमंडळ अधिवेशनाच्या दिवसांतील सिव्हिल लाइन्सचा बंदोबस्त, नाव न सांगणाऱ्या एका नेत्याचे बोलणे, यांवर पाने जातात. आणि वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे वचन ज्यात दिले गेले, त्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारास, म्हणजे विदर्भाने संयुक्त मराठी राज्यात यावे यासाठी नेत्यांनी केलेल्या करारास, मात्र एकच ओळ मिळते.

क–५०१ : काका, वर्णन नसते तर माझ्या मुलीने तो लेख उघडलाही नसता. तिने शेवटपर्यंत वाचला आणि मग मला कराराविषयी विचारले.

अ–२०३ : ताई, हे ऐकून खरोखर आनंद झाला, आणि वर्णन गाळावे असे मी म्हणतही नाही. पण ‘ही मागणी निवडणुकीपुरतीच असते’ हे त्या निनावी नेत्याचे मत लेखकाने शेवटी स्वतःचा निष्कर्ष म्हणून स्वीकारले आहे, आणि ते पडताळण्याचे कोणतेही साधन वाचकाला दिलेले नाही. राज्यांची पुनर्रचना सुचवणाऱ्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालात राज्याच्या अनुशेषापैकी, म्हणजे मागे राहिलेल्या विकासापैकी, सुमारे ३९ टक्के वाटा विदर्भाचा होता. हे मतांसाठी बोललेले शब्द नव्हेत.

निष्कर्ष बरोबरही असू शकेल. विदर्भाच्या चळवळीचे नेते जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉकचे उमेदवार म्हणून नागपुरातून लोकसभेवर गेले आणि १९८० मध्ये याच मतदारसंघातून काँग्रेसचे म्हणून निवडून आले. मधल्या नऊ वर्षांत मागणीचे आणि मतदाराचे काय झाले, याचा शोध घेण्यासाठीच तर एवढी जागा हवी असते. संपादकांना मी आज एवढेच कळवणार आहे. आपल्या मुलीने विचारलेला प्रश्नही, तिची हरकत नसल्यास, त्या पत्रात घालीन.