इंदूरला आणि झाबुआला एकच किमान वेतन का?

राऊकर
मध्य प्रदेशात किमान वेतनाचे मूळ दर 2014नंतर थेट एप्रिल 2024ला वाढले. लगेच इंदूर खंडपीठात याचिका, स्थगिती, आणि डिसेंबरात ती उठली. या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारलाच नाही. आपल्याकडे दर ठरतो तो काम आणि कौशल्य पाहून, गाव पाहून नाही. इंदूरच्या विजयनगरातल्या दुकानातला मदतनीस आणि झाबुआसारख्या छोट्या गावातला मदतनीस कागदावर सारखेच. खोलीभाडं सारखं आहे का? महाराष्ट्रात परिमंडळं आहेत, शहराचा दर वेगळा, आडगावचा वेगळा. इंदूरला वरचा दर हवा, असं माझं स्पष्ट मत.

सुदामानगर
राऊकर, पीथमपूर विसरलात. कारखाने तिथं, पण ते येतं शेजारच्या धार जिल्ह्यात. जिल्हा धरून परिमंडळ पाडलंत की पीथमपूर खालच्या दरात जाणार, आणि तिथं काम करणारे कितीतरी जण राहतात राऊ, महू नाहीतर इंदुरात. भाडं इंदूरचं नि पगार धारचा! शिवाय लहान मुलांचे रेडीमेड कपडे शिवणारे छोटे कारखाने आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. शिलाई मशिनी टेम्पोत टाकून हद्द ओलांडायला त्यांना एक सकाळ पुरेल.

राऊकर
मग जिल्हा नको, पट्टा धरा. इंदूर-राऊ-महू-पीथमपूर हा कामाचा एकच बाजार आहे. कंपन्यांच्या बसगाड्या सकाळी कुठं भरतात ते बघा. आणि आकडे नाहीत असंही नाही. केंद्राचं लेबर ब्युरो इंदूरचा स्वतंत्र महागाई निर्देशांक काढतंच.

आकडेमोड
इथं जरा थांबा. औद्योगिक कामगारांचा तो निर्देशांक 2016 हे पायाभूत वर्ष धरून देशातल्या 88 केंद्रांसाठी निघतो, त्यात इंदूर आहे, हे बरोबर. पण इंदूर 2016च्या इंदूरपेक्षा किती महागलं, एवढंच तो सांगतो. समजा, एका शहराचा आकडा 140 आणि दुसऱ्याचा 150 आला. म्हणून दुसरं शहर महाग ठरत नाही, तिथं भाव जास्त वेगानं वाढले इतकंच. (वर्तमानपत्रं दर वेळी इथंच घसरतात.) इंदूर आणि झाबुआची तुलना करायची तर एकाच यादीनं, एकाच महिन्यात दोन्हीकडचे भाव आणि भाडी टिपायला हवीत.

पट्ट्याचंही तेच. 2011च्या जनगणनेत कामाला किती लांब आणि कशानं जाता, हे विचारलं होतं. 2021ची जनगणना तर झालीच नाही. रोजगाराची पाहणी 2025पासून दरमहा येऊ लागली, पण महिन्याचे आकडे अख्ख्या देशाचे. राऊकर, तुमचा पट्टा खरा असेलही, पण तो आखणार कशाच्या जोरावर? बसगाड्या मोजून?

जुना मिलवाला
करा, अभ्यास करा. इंदूरची हुकुमचंद कापड मिल 1991ला बंद पडली. कामगारांचं देणं कागदावर होतं, कोर्टात होतं, घराघरांत तोंडपाठ होतं. 224 कोटींचा चेक निघाला डिसेंबर 2023ला. तोवर किती जण गेले! पाहणीवाचून काही अडलं नव्हतं. किमान वेतनाचंही तसंच आहे, सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच. आहे तो दर आधी हातात पडू द्या, मग परिमंडळं आखा.

राऊकर
काका, बुडवणारे बुडवतात म्हणून दर खालीच ठेवायचा का? भांडायलाही कागदावरचा आकडाच लागतो. मिलच्या कामगारांनी बत्तीस वर्षं तो धरून ठेवला, म्हणून तर शेवटी चेक निघाला. आणि नव्या वेतन संहितेत कौशल्याबरोबर भौगोलिक क्षेत्राचाही उल्लेख आहे, म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही.

सुदामानगर
त्याच कायद्यात पाच वर्षांच्या आत फेरआढावा घ्या असंही आहे, आणि जुन्या 1948च्या कायद्यातही होतं. तरी 2014 ते 2024 मूळ दर कुणी हलवले नाहीत. त्या दहा वर्षांत इंदूरचा कामगार झाबुआमुळे मागं राहिला नाही, भोपाळच्या सरकारमुळे राहिला. आणि मालकांनाही एकदम मोठी उडी बसली, म्हणून ते कोर्टात धावले. दरवर्षी थोडी वाढ मागा, मी पहिली सही करतो. परिमंडळाच्या अर्जावर मात्र करणार नाही.

आकडेमोड
भाव आणि भाडी टिपायच्या मागणीवर?

सुदामानगर
त्यावर करतो. पण यादीत पीथमपूरची भाडी इंदूरच्या रकान्यात लिहा.