मदत हवी आहे: आधी अक्षता की आधी व्हिसा?

ओलीमाती

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत आले, लिहायची वेळ आज आली. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी नाशिकची, वय ३२, भारतीय पासपोर्ट. ज्याच्याशी लग्न करायचंय तो अमेरिकन नागरिक, जन्मही तिथलाच, धर्माने ख्रिश्चन. एकाच प्रकल्पावर काम करताना ओळख झाली, त्याला तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी तो नाशकात येऊन घरच्यांना भेटून गेला. त्याचं आधी एक लग्न झालं होतं, घटस्फोटाला पाच वर्षं होऊन गेली. घरात हे माहीत आहे आणि त्यावरून जे रामायण व्हायचं ते होऊन गेलंय, त्यामुळे कृपया तो विषय नको.

आता खरी अडचण. तो डिसेंबरात तीन आठवड्यांच्या रजेवर येतोय. आजी ८६ वर्षांची आहे आणि तिचं एकच म्हणणं, अक्षता पडल्याशिवाय पोरीला साता समुद्रापार धाडायचं नाही. बाबांनी एका एजंटाला गाठलं. त्याने सांगितलं, फियान्से व्हिसा, म्हणजे के-१, लवकर मिळतो. मग घरात बेत ठरला तो असा: डिसेंबरात भटजी बोलावून रीतसर लग्न लावायचं, पण नोंदणी करायची नाही. नोंदणी नाही म्हणजे सरकारदरबारी मी अविवाहित. मग के-१ भरायचा आणि तिथे गेल्यावर कोर्टात पुन्हा लग्न. बाबांना वाटतंय एका दगडात दोन पक्षी. एजंट वर म्हणतो, "फक्त फोटो फेसबुकवर टाकू नका म्हणजे झालं." हे ऐकल्यापासून माझ्या पोटात गोळा आलाय.

हे खरंच चालतं का? कोणी केलंय का? नसेल तर तीन आठवड्यांत नोंदणी लग्न बसतं का? आणि दोन फुटकळ गोष्टी. माझ्या जन्मदाखल्यावर नावाच्या जागी नुसतं "मुलगी" आहे. आणि त्याने मागच्या वर्षी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं, त्यामुळे कमाई बेताची दिसते.

तिसरीघंटा

एजंट बदला. बाकीचं जाणकार सांगतीलच.

जुनाखलाशी

ताई, पोटात गोळा आला ते बरंच झालं. बेत धोक्याचा आहे. के-१ हा लग्न *न झालेल्यांचा* व्हिसा आहे. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीत शपथ घेऊन बोलावं लागतं. मंगळसूत्र, सप्तपदी, हार, मांडवात दोनशे माणसं, एवढं झाल्यावर "आमचं लग्न व्हायचंय" कोणत्या तोंडाने सांगणार? अधिकाऱ्याला वाटलं की तुम्ही नवराबायको आहात, तर के-१ तिथेच संपतो. आणि लपवलंत तर खोटी माहिती देऊन व्हिसा मागितल्याचा ठपका येतो. त्याची बंदी कायमची असते. माफीचा अर्ज करता येतो, पण ते दुसरंच दुखणं. फोटो फेसबुकवर नाहीत, पण मावशीच्या फोनमध्ये असतातच.

दुसरी बाजू कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न व्हायला दोघंही हिंदू लागतात. तो ख्रिश्चन, म्हणजे भटजींनी कितीही मंत्र म्हटले तरी भारतीय कायद्यात ते लग्न उभं राहत नाही. मग त्याच्या जोरावर पती-पत्नीचा व्हिसा, म्हणजे सीआर-१, तोही मागता येत नाही, कारण दाखवायला दाखला नाही. म्हणजे के-१ साठी लग्न झालेलं, आणि सीआर-१ साठी न झालेलं. त्रिशंकू म्हणतात तो हाच.

साखरपुडा मात्र खुशाल करा. के-१ साठी तो उलट पुरावाच धरला जातो. फक्त साखरपुडा साखरपुड्यासारखाच दिसू द्या.

निमामावशी

के-१ आणि सीआर-१ दोन्ही घरात पाहिलेत, एक भाचीचा आणि एक माझ्या सुनेचा. म्हणून जरा सविस्तर.

के-१ मध्ये तो आय-१२९एफ, म्हणजे होणाऱ्या बायकोसाठीचा अर्ज, भरणार. अर्जाआधीच्या दोन वर्षांत तुम्ही प्रत्यक्ष भेटलेले असायला हवं, ते तुमचं आहे. व्हिसा मिळाला की तिथे उतरल्यापासून ९० दिवसांत त्याच्याशीच लग्न, आणि मग ग्रीनकार्डासाठी आय-४८५ हा वेगळा अर्ज. ही शेवटची पायरी एजंट गिळतात. तो अर्ज पडून असताना कामाचा परवाना हातात येईपर्यंत नोकरी करता येत नाही, आणि प्रवासाची परवानगी, ज्याला ॲडव्हान्स परोल म्हणतात, ती मिळायच्या आत देशाबाहेर पडलात तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. तुमची आजी ८६ वर्षांची आहे म्हणालात. विचार करा.

माझ्या भाचीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. ती गेली आणि चौथ्या महिन्यात इकडे तिचे वडील आजारी पडले. परवानगी आली नव्हती. रात्र रात्र व्हिडिओ कॉलवर बसायची पोर. वडील वाचले, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे.

सीआर-१ ला आधी कायदेशीर लग्न, मग तो आय-१३०, म्हणजे बायकोसाठीचा अर्ज, भरतो. मंजुरी आली की कागद नॅशनल व्हिसा सेंटरकडे, तिथे फी आणि डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, मग वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांची तपासणी आणि मुंबईत मुलाखत. पण विमानतळावर उतरता तेव्हाच कायम रहिवासी होता, दुसऱ्या दिवसापासून नोकरी करा. लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांचं, अटी असलेलं मिळतं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे अटी काढायचा अर्ज, भरायचा, हे कॅलेंडरमध्ये आजच लिहून ठेवा. लग्नाला दोन वर्षं उलटल्यावर तिथे उतरलात तर अटी नसलेला आयआर-१, आणि ही भानगड नाही.

पैशांचं म्हणाल तर एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनी के-१ चा रस्ता आय-१२९एफचे ६७५, व्हिसाचे २६५ आणि आय-४८५ चे १,४४० मिळून २,३८० डॉलर होतो, कामाच्या परवान्याची नि प्रवासाच्या परवानगीची फी त्यात धरलेली नाही. सीआर-१ ला कागदी अर्जाचे ६७५, व्हिसाचे ३२५, खर्चाच्या हमीपत्राचे १२० आणि कार्डाचे २३५, म्हणजे १,३५५. ऑनलाइन भरलं तर आणखी ५० कमी. दर बदलतात, भरायच्या दिवशी सरकारी साइटवरच बघा.

ओलीमाती

मावशी, तुमच्या भाचीचं वाचून रडू आलं. हे एजंटाने सांगितलंच नाही. के-१ मनातून उतरला. आता प्रश्न एवढाच, तीन आठवड्यांत नोंदणी कशी करायची?

पानाफुलांचा

सोपं आहे. अमेरिकेतल्या युटा काउंटीत व्हिडिओ कॉलवर लग्न लावतात. घरबसल्या सर्टिफिकेट. आय-१३० ला चालतं. डिसेंबरची वाट कशाला बघता?

जुनाखलाशी

पानाफुलांचा, अर्धंच सांगितलंत. लग्नाच्या वेळी दोघं एकमेकांसमोर नसतील तर अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा ते लग्न *त्यानंतर* शरीरसंबंध आल्याशिवाय मानत नाही. आधीच्या भेटी धरत नाहीत. म्हणजे पुन्हा भेटणं, त्याचे बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, सगळं आलंच. शिवाय भारतात बसून केलेल्या अशा लग्नाचं इथल्या कार्यालयांत काय होईल त्याचा भरवसा मी तरी देणार नाही. निरुपाय असेल तर ठीक. ताईंचा निरुपाय झालेला नाही.

ताई, तुमचा रस्ता विशेष विवाह कायदा, १९५४. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ज्या जिल्ह्यात द्याल तिथे दोघांपैकी *एकाचं* आधीचे ३० दिवस वास्तव्य हवं. तुम्ही नाशिकच्याच आहात, ते झालं. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवस थांबायचं आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांत लग्न उरकायचं, नाहीतर नोटीस बाद. तीन आठवड्यांच्या रजेत हे बसत नाही. एकतर त्याने सहा आठवड्यांसाठी यावं, किंवा नोटिशीला एकदा आणि लग्नाला एकदा. त्याच्या गैरहजेरीत नोटीस स्वीकारतात का हे तुमच्या कार्यालयात जाऊन, समोर बसून विचारा. फोनवर मिळालेल्या उत्तरावर विमानाचं तिकीट काढू नका.

कोणी सांगेल, आधी विधी करा, मग कलम १५ खाली नोंदवा. त्यातही ३० दिवसांची नोटीस आहे, आणि वर *दोघांचंही* जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य लागतं. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

त्याच्याकडून घटस्फोटाच्या अंतिम हुकूमनाम्याची प्रत मागवा. इथेही लागेल आणि आय-१३० लाही. अविवाहित असल्याचा दाखला अमेरिकन सरकार देत नाही, त्याऐवजी तो शपथपत्र करतो.

तिसरीघंटा

जन्मदाखल्याचं: महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात नाव चढवून घ्यायचा प्रयत्न आधी करा, आजच. नाहीच झालं तर शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांची शपथपत्रं सोबत जोडतात. माझ्या बायकोच्या दाखल्यावरही "मुलगी"च होतं. त्या काळी सगळ्या मुलींचं नाव एकच असावं बहुतेक.

निमामावशी

कमाईचं राहिलं होतं. आय-८६४, म्हणजे तुमच्या खर्चाचं हमीपत्र, त्यात त्याला गरिबी रेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५ च्या आकड्यांनी दोघांच्या कुटुंबाला साधारण २६,४०० डॉलर. कमी पडलं तर सहप्रायोजक चालतो, त्याची बहीण, मित्र, कोणीही. फक्त ती व्यक्ती नागरिक किंवा ग्रीनकार्डवाली आणि तिथे राहणारी हवी. पण सही करणाऱ्याला नीट समजावून सांगा, ही जबाबदारी घटस्फोटानेही सुटत नाही.

आणि अर्ज चालू असताना "तोवर टुरिस्ट व्हिसावर जाऊन येते" असं कोणी सुचवेल. फॉर्ममध्ये सरळ विचारतात, तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट अर्ज केलाय का. खरं लिहायचं, आणि नकाराची तयारी ठेवायची.

ओलीमाती

सगळ्यांचे आभार, एकेकाला वेगळं लिहीत नाही. काल रात्री त्याच्याशी बोलले. तो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येऊन डिसेंबरच्या मध्यापर्यंत राहतोय, अर्धी रजा बिनपगारी. बाबांना निमामावशींचा प्रतिसाद वाचायला दिला. एजंटाचा फोन त्यांनी आज उचलला नाही.

दोन शंका राहिल्या. नोटीस फलकावर लागणार, आमच्या एका काकांना हे लग्न पसंत नाही. ते अडवू शकतात का? आणि आजीचं काय करू? रजिस्टर लग्न म्हटल्यावर तिने जेवण अर्धवट टाकलं.

जुनाखलाशी

काकांना हरकत घेता येते, पण कायद्यातल्या कारणांवरच: कोणाचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, मानसिक अक्षमता, जवळचं नातं. मुलगा परदेशी आहे, ख्रिश्चन आहे, मला विचारलं नाही, ही कारणं त्यात नाहीत. हुकूमनामा हाताशी असला की पहिल्याचंही उत्तर तयार.

आजींसाठी कलम १२ बघा. लग्न अधिकाऱ्याच्या कार्यालयातच लावायला हवं असं नाही, वाजवी अंतरावरच्या ठिकाणी जादा फी भरून लावता येतं. आणि कोणत्याही पद्धतीने लावता येतं, फक्त अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं ठरलेलं वाक्य म्हणायचं. दोघांना समजेल अशा भाषेत, म्हणजे त्याच्यासाठी इंग्रजीत.

ओलीमाती

म्हणजे अधिकारी घरी येतील, आम्ही ते वाक्य म्हणायचं आणि आजीने अक्षता टाकायच्या, एकाच दिवशी?

जुनाखलाशी

अधिकाऱ्यांनी यायचं कबूल केलं तर हो. अर्जात आधीच लिहा. आणि सह्या होईपर्यंत रजिस्टरवर तांदूळ पडू देऊ नका, आमच्या वेळी पानंच चिकटली होती.

ओलीमाती

आजीला वाचून दाखवलं. ती विचारते, साक्षीदार तीन लागतात ना, त्यात मी एक चालेन का?