अनुभव धागा : ऑनलाइन वर्गातली विचारपूस, सोलापूरहून

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सोलापुरातील नववी-दहावीचे वर्ग मोबाइलवर भरू लागले. त्या काळात शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील जिव्हाळा कशामुळे टिकला, याविषयीचे आपापले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

गणित शिक्षिका, पूर्व भाग

आमच्या बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर असतात. टाळेबंदी उठून माग पुन्हा सुरू झाले, तसा घरातला एकुलता स्मार्टफोन वडिलांबरोबर कारखान्यात जाऊ लागला, म्हणून मी तास संध्याकाळी घेऊ लागले. ज्यांच्या घरालगतच मागांचा खडखडाट असे, ती मुले माइक सुरू करायला संकोचत. त्यांनी उत्तर केवळ मला संदेशाने कळवले तरी ते तोंडी उत्तराइतकेच धरले जाईल, असे मी सांगून ठेवले होते. तासाला कधीच न बोलणाऱ्या एका मुलीने वहीचा फोटो पाठवला. वर्गसमीकरण अर्ध्यावर सोडलेले आणि खाली बारीक अक्षरांत ‘पुढे जमेना’. त्यावर लाल खूण न करता, अडलेल्या ओळीपासूनची रीत मी माझ्या आवाजात मुद्रित करून पाठवली. तेव्हापासून तिचे प्रश्न येऊ लागले, पुढे गणिताबाहेरचेही. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती मला कधीच पटली नाही. एका खोलीच्या घरात ती मुलांचा संसार चव्हाट्यावर मांडते.

माजी विद्यार्थी, अक्कलकोट तालुका

२०२१ मध्ये आमची दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द झाली. नववीच्या निकालाला ५० आणि दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाला ५० गुण ठरल्यावर माझे अभ्यासातून मनच उडाले. आमचे वर्गशिक्षक वडिलांना फोन करून कन्नडमध्ये बोलत. आधी पावसाची, तुरीच्या पेरणीची चौकशी करत आणि मग माझ्याशी बोलत. गुणांचा विषय ते काढत नसत, अकरावीला काय घ्यावेसे वाटते एवढेच विचारत. वडिलांना त्यांचा आदर वाटू लागला, म्हणूनच मला शेतातून तासाला बसण्याची मोकळीक मिळाली.

पालक, जुळे सोलापूर

दुसऱ्या लाटेत आमच्या घरी दुःखद प्रसंग ओढवला, तेव्हा मुलाच्या बाईंनी सर्वांसमोर त्याला काहीही विचारले नाही. आधी मला फोन केला, त्याची तयारी आहे का ते जाणून घेतले आणि त्यानंतरच त्याच्याशी बोलल्या. त्यांचे सर्व संदेश माझ्याच क्रमांकावर येत, तेही रात्री उशिरा कधीच नाही. ही मर्यादा सांभाळल्यामुळे मला कधी धास्ती वाटली नाही, आणि मुलगा आजही त्यांना शिक्षकदिनी आवर्जून फोन करतो.