मदत हवी आहे: घरी बनवलेला प्रोजेक्टर तापतोय

मंडळी, नाशिकला सिडकोतल्या घरी प्लायच्या खोक्यात प्रोजेक्टर जमवलाय. १०० वॅटचा एलईडी, जुन्या टॅबचं पॅनल (स्क्रीनची काच), दोन फ्रेस्नेल लेन्स (गोल खाचांची पातळ, सपाट भिंगं). चित्र झकास येतं, पण वीसेक मिनिटांत पॅनलच्या मधोमध काळा डाग पडतो. गार झालं की आपोआप जातो. म्हणजे पॅनल जळलेलं नाही, त्यातलं लिक्विड क्रिस्टल (चित्र उमटवणारा द्रव) तापतंय, एवढं कळलं.

एलईडीच्या हीटसिंकवर (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) १२ व्होल्टचा १२० मिमी पंखा आहेच. आता पॅनल आणि लेन्समधल्या बोटभर फटीतून हवा खेळवायचीय. ८० मिमीचे दोन्ही पंखे आत फुंकणारे लावू, की एक बाहेर ओढणारा? फुंकणाऱ्याने धूळ पॅनलवर बसते आणि तिचा कण भिंतीवर हरभऱ्याएवढा दिसतो! पंखे ७ व्होल्टवर हळू चालवले की आवाज कमी होतो, पण तेवढी हवा पुरेल का? कुणी केलं असेल तर फोटो टाका राव.